छोटं बटण, तीन लिटर

४ सप्टेंबर. किमान तापमान ७. आकाश स्वच्छ.

आजपासून पुन्हा वही. निवृत्तीनंतरची दोन वर्षं नुसती गेली. हवामान केंद्रात एकतीस वर्षं रोज सकाळी थर्मामीटर वाचला, आकडा लिहिला, वर कळवला. आता अंगणातल्या पॉपलरला स्वतःचा थर्मामीटर टांगलाय. आकडा कळवायला कोणी नाही, पण सवय सवय असते.

काल मोहल्ल्याची पाण्याची सभा झाली. दिल्लीच्या एक बाई आल्या होत्या. पडद्यावर चित्रं दाखवली. लेहमध्ये हॉटेलं वाढली, झरे आटले, जो तो बोअर मारतोय. एका जुन्या फ्लशला दहा लिटर पाणी जातं! दहा! नव्या कमोडला दोन बटणं. छोटं तीन लिटर, मोठं सहा. मी तिथेच पाठीमागच्या पानावर हिशोब मांडला. आमच्या घरात तीन माणसं: मी, बायको कुन्झेस, आणि आई, म्हणजे आमा-ले. रोजचे शहाण्णव लिटर वाचतात. रोजचे!

घरी येऊन कुन्झेसला सांगितलं. ती तागीचं, म्हणजे आमच्या जाड रोटीचं, पीठ मळत होती. म्हणाली, आपला संडास कोरडा आहे. वर मातीच्या जमिनीत भोक, बाजूला ढीग, वापरलं की फावडंभर माती टाकायची. त्यात पाणी लागतच नाही, तर वाचणार कुठून?

मी म्हटलं, हा हिशोब तत्त्वाचा असतो. ती पीठ मळत राहिली. बायकोला आकडेमोडीत रस नाही.

६ सप्टेंबर. किमान ७.

खरं कारण इथे लिहून ठेवतो. सभेत सांगण्यासारखं नाही.

आमा-ले एक्क्याऐंशी वर्षांची. गेल्या जानेवारीत संडासाच्या जिन्यावरून घसरली. बाहेरचा जिना, नऊ पायऱ्या, वर बर्फ. मी धावत गेलो तर खाली बसून हसत होती. म्हणाली, नोनो, बघतोस काय, हात दे. (मी एकसष्ट वर्षांचा आहे. अजून नोनोच, म्हणजे बाळ.) ती हसली, मी नाही. या हिवाळ्यात तिला त्या जिन्यावर पाय ठेवू देणार नाही.

म्हणून योजना अशी. कोरड्या संडासाच्या खालची खोली, जिथे वर्षभर सगळं साठतं आणि वसंतात शेतात जातं, ती स्वयंपाकघराला लागून आहे. ती रिकामी करायची, टाइल्स लावायच्या, तिथेच कमोड. वरचं भोक स्लॅब टाकून बंद. आमाला नऊ पायऱ्यांऐवजी सात पावलं. पाणीही वाचेल, आमाही वाचेल. याला म्हणतात नियोजन.

आमाला सांगितलं. तिने कप खाली ठेवला. मग म्हणाली, म्हणजे मी खड्ड्यात बसायचं?

खड्डा नाही आमा-ले, बाथरूम.

ऐंशी वर्षं वरून टाकलं, आता खाली जाऊन बसू म्हणतोस. बरं.

‘बरं’ म्हणाली. होकार समजतो.

११ सप्टेंबर. किमान ५.

मुर्तझा आला. चुशोटचा. प्लंबर, गवंडी, सगळं एकात. काम बघून डोकं खाजवलं. आचो-ले (मला दादाच म्हणतो), हिवाळ्यात पाइप गोठणार, त्याचं काय?

मी म्हटलं, तू मला थंडी शिकवतोस? एकतीस वर्षं आकडे लिहिलेत. गेल्या तीन हिवाळ्यांचा कल बघता यंदा उणे आठच्या खाली उतरत नाही.

तो म्हणाला, तुम्ही म्हणता तसं. समंजस माणूस.

खालची खोली उपसली. वास्तविक हे काम वसंतातलं. अजून निम्मं खत कच्चं होतं. वास जरा पसरला. शेजारचा टुंडुप भिंतीवरून डोकावून म्हणाला, पाल्दन, घरात काही मेलंय का? त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. सुधारणेला सुरुवातीला वास येतोच.

२५ सप्टेंबर. किमान ३.

बसलं! पांढरं शुभ्र. टाकीवर दोन बटणं, चांदीसारखी. निळ्या टाइल्स. मुर्तझाने बाहेरच्या नळापासून लोखंडी पाइप आणला, भिंतीतून आत घेतला. वरच्या भोकावर सिमेंटचा स्लॅब. मजबूत. म्हणालो, हत्ती नाचला तरी हलायचा नाही. मुर्तझा म्हणाला, हत्ती कशाला नाचेल आचो-ले, हलवावा लागणार तुम्हालाच. काय बोलतो त्याचं त्याला कळत नाही.

टाकीला खतक, म्हणजे शुभकार्याचा पांढरा रेशमी पट्टा, बांधला. गोबांना, म्हणजे आमच्या मोहल्ल्याच्या मुखियांना, उद्घाटनाला बोलावलं. त्यांनी चहा घेतला, बटण दाबलं, पाणी गेलं. टाळ्या (माझ्या). म्हणाले, मोहल्ल्यात पहिला. वहीत अधोरेखित करतोय. मोहल्ल्यात पहिला.

२८ सप्टेंबर. किमान २.

नियमावली खिळ्याला टांगली. सोबत वही आणि पेन्सिल. छोटं बटण दाबलं की छोटी रेघ, मोठं दाबलं की मोठी रेघ. प्रत्येकाचं पान वेगळं. आमाला लिहिता येत नाही, पण रेघ कोणालाही येते.

कुन्झेस म्हणाली, पाल्दन-ले, मी आता रेघा मारायच्या? ती एरवी मला नावापुढे मानाचं ‘ले’ लावत नाही. लावते तेव्हा आवाज खाली गेलेला असतो.

६ ऑक्टोबर. किमान ०.

आठवड्याचा आढावा.

मी: छोट्या २८, मोठ्या ७.

कुन्झेस: छोट्या ३१. मोठी एकही नाही. हे शक्य नाही. विचारलं तर म्हणाली, लहान-मोठं मोजायला मला वेळ नाही, भाजी करपतेय.

आमा-ले: एकही रेघ नाही. शून्य! म्हातारं माणूस, पण काय शिस्त आहे. कमीत कमी पाण्यात कसं भागवायचं ते आमाकडून शिकावं.

१२ ऑक्टोबर. किमान उणे १.

आमा रोज दुपारी घरामागच्या उतारावर बसते. चाळणी घेऊन माती चाळते, खडे काढते, उन्हात पसरते, पोत्यात भरते. दर वर्षी हेच करायची, हिवाळ्यात संडासात टाकायला. आज मोजली, बारा पोती.

म्हटलं, आमा-ले, आता कशाला? संडासात आता माती टाकायची नसते, बटण दाबायचं असतं.

म्हणाली, माती लागते.

कशाला लागते?

लागते. जमीन गोठली की मग कोण देतं?

मला जरा चीड आली. खोटं कशाला लिहू. इतका खर्च, इतकी धूळ, तिच्याचसाठी, आणि ही पोती भरतेय. म्हटलं, फेकून द्या ती, अंगणात पाय ठेवायला जागा नाही. जरा आवाज चढला माझा. आमाने चाळणी झटकली, भिंतीला टेकवून ठेवली.

१४ ऑक्टोबर. किमान उणे १.

पोती अंगणात दिसत नाहीत. ऐकलं तिने. सावकाश का होईना, घर बदलतंय.

१९ ऑक्टोबर. किमान उणे ३.

नवी कल्पना. टाकीत पाण्याने भरलेल्या दोन बाटल्या उभ्या ठेवल्या. तेवढं पाणी कमी भरतं. छोटं बटण आता दोन लिटर! हे दिल्लीच्या बाईंनाही सुचलं नव्हतं. गोबांच्या पुढच्या सभेत मांडणार.

२० ऑक्टोबर. किमान उणे ३.

दोन लिटरमध्ये काम होत नाही. तीनदा दाबावं लागतं. मुर्तझाला फोन केला. तो हसत होता, पण नम्रपणे. बाटल्या काढल्या. प्रयोग अपयशी नाही, प्रयोगातून माहिती मिळाली.

४ नोव्हेंबर. किमान उणे ७.

सकाळी बटण दाबलं, आवाज आला, पाणी नाही. बाहेरच्या पाइपला गोणपाट गुंडाळलं. कुन्झेसने वर गरम पाणी ओतलं. दुपारी सुरू झालं.

उणे सात नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात? थर्मामीटर बिघडलाय. साधारण तीन अंश कमी दाखवतो. यापुढे तीन मिळवून वाचणे.

९ नोव्हेंबर. किमान उणे ९ (म्हणजे खरं उणे ६).

नळाचं पाणी खात्याने बंद केलं, दरवर्षीप्रमाणे. टँकर आता आठवड्यातून तीनदा कोपऱ्यावर. कुन्झेस जेरीकॅन भरून आणते. कमोडसाठी एक बादली वेगळी ठेवायला सांगितली. नियमावलीत भर: बादलीतून टाकीत फक्त तीन मग ओतायचे. ती म्हणाली, पाल्दन-ले, मग तुम्ही आणता का पाणी?

माझी कंबर. तिला माहीत आहे.

टाकीत पिवळा बल्ब सोडलाय, गोठू नये म्हणून. बाथरूममध्ये बसलं की पाठीला छान ऊब लागते. हेही दिल्लीच्या बाईंच्या चित्रात नव्हतं.

१६ नोव्हेंबर. किमान उणे ११ (खरं उणे ८. माझा अंदाज तंतोतंत).

आज एक गोष्ट उघडकीला आली. आमाचं पान अजून कोरं. म्हटलं, दीड महिना? मग सकाळी खिडकीतून पाहिलं. आमा लाकडी काठी टेकत गल्लीतून टुंडुपच्या घरी चाललेली. पहाटे, दुपारी, संध्याकाळी. त्याच्याकडे जुना कोरडा संडास आहे. जिना आहे, तोही बाहेरचाच!

म्हणजे आमच्या आकड्यांत दीड महिना चूक.

मी गल्लीत गेलो तर ती परत येत होती. टुंडुपच्या दारापुढच्या काचेसारख्या बर्फावर तिचा पाय सरकला आणि ती कुंपणाच्या दगडावर कशीबशी सावरली. मनगट खरचटलं.  जे टाळण्यासाठी सगळं केलं तेच.

रागावलो. म्हटलं, घरात टाइल्सचं बाथरूम आहे, बल्ब आहे, आणि तुम्ही लोकांच्या दारात! उद्यापासून गल्लीत पाय टाकायचा नाही. टुंडुपलाही सांगितलं, आमाला आत घेऊ नकोस. तो म्हणाला, म्हाताऱ्या माणसाला संडासाला नाही म्हणू? तूच सांग तिला. मी सांगितलं. आमा म्हणाली, बरं नोनो.

२२ नोव्हेंबर. किमान उणे १३.

फार समाधानाचा दिवस. आमाने पान भरायला सुरुवात केलीय. दिवसाला दोन रेघा, छोट्या, कोपऱ्यात. आणि दुसरं: आमाला गुरगुर चहा, आमचा लोणी-मिठाचा, म्हणजे जीव की प्राण. दिवसाला दहा-अकरा कप तरी जायचे, मोजायचं कोणी. आता सकाळी एक, दुपारी एक. कुन्झेस ओतायला गेली की कपावर तळहात ठेवते. रात्री थुक्पाचं सूपही नको म्हणते, फे, म्हणजे भाजलेल्या जवाचं पीठ, कोरडंच खाते.

मला लक्षात आलं. आमालाही पाण्याची बचत पटली! कोणी न सांगता. आमाच्या कपांचा वेगळा तक्ता केला.

सोमवार २. मंगळवार २. बुधवार १. शाबास आमा-ले.

२९ नोव्हेंबर. किमान उणे १६.

बल्ब उडाला. टाकी तडकली. तळापासून वरपर्यंत एक बारीक रेघ, आणि आत बर्फाचा ठोकळा, बाटलीतल्या दह्यासारखा घट्ट बसलेला. कमोडच्या तळाशीही बर्फ.

मुर्तझाला फोन. म्हणाला, आचो-ले, आता मार्चमध्ये.

मार्चपर्यंत बादलीने. वापरायच्या आधी उकळतं पाणी एक मग, बर्फ सोडवायला, नंतर तीन मग. एकूण पाणी थोडं वाढलं हे मान्य. तात्पुरतं आहे.

कुन्झेसच्या बोटांना भेगा पडल्यात. रात्री चुलीपाशी बसून तूप लावते. आमा बघत असते. 

४ डिसेंबर. किमान उणे १५.

आमा सकाळी चुलीपाशी उठताना पडली. आवाज न करता, पोतं खाली बसावं तशी. डोळे उघडे, ओठ पांढरे. टुंडुपच्या गाडीतून हॉस्पिटलमध्ये नेलं. मी मागे बसून तिचं डोकं मांडीवर धरलं होतं. केवढं हलकं डोकं. आमा-ले, आमा-ले म्हणत राहिलो.

सलाइन लावलं, संध्याकाळी घरी पाठवलं. डॉक्टर जम्मूचा तरुण. म्हणाला, अंगात पाणीच नाही हो यांच्या. लघवीचा संसर्ग झालाय. पाणी का पीत नाहीत?

आमा म्हणाली, तहान लागत नाही बाळा.

मी डॉक्टरला म्हटलं, या उंचीवर म्हाताऱ्या माणसांची तहान कमी होते. आमची हवा कोरडी आहे, तुम्ही नवीन आहात. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि कागदावर लिहीत राहिला.

बाहेर बाकावर कुन्झेस बोलली. ‘ले’ नाही, काही नाही. पाल्दन, त्यांना तहान लागते. तुमच्या त्या भांड्यावर त्या एकदा बसल्या की मला चार मग पाणी लागतं. ते मी कोपऱ्यावरून आणते. माझे हात बघून त्यांनी चहा सोडला. चहा नाही तर जावं लागत नाही. त्यांच्या कपांचा तुम्ही तक्ता केलाय. वाचलाय मी. शाबास लिहिलंय.

वही कुलपात ठेवायला हवी होती.

हे काय लिहिलं मी. वही कुठेही असू दे. शाबास मीच लिहिलंय.

६ डिसेंबर. किमान उणे १७.

बहीण स्पाल्झेस साबू गावाहून आली आणि आमाला घेऊन गेली. माझ्याशी एवढंच बोलली: आचो, आमा माझ्याकडे राहतील, आमचा संडास जुनाच आहे. आमाने गोंचा घातला, टोपी घातली. निघताना चुलीवर हात ठेवला, नेहमीसारखा. मला म्हणाली, पाइप जप.

आमाशिवाय घरात पहिली रात्र. माझ्या जन्मात पहिली. कुन्झेसने तीन कप मांडले आणि एक परत ठेवला.

लोसार वीस तारखेला. आमचं नवं वर्ष. आमा नसेल तर कणकेच्या रानबकऱ्या कोण करणार? स्वयंपाकघराच्या फळीवर दर वर्षी तीच मांडते.

१४ डिसेंबर. किमान उणे १६.

आज गालदन नामचोत. लेहभर दिवे. आमच्या खिडकीत कुन्झेसने पाच लावले. दुपारी साबूला जाऊन आलो.

आमा चुलीपाशी, हातात भरलेला कप, गालांवर रंग. गप्पा मारता मारता उठली, काठी न घेता बाहेर गेली, परत आली, पुन्हा कप पुढे केला. स्पाल्झेसच्या जिन्यावर बर्फ नव्हता. तिच्या नवऱ्याने पायऱ्यांवर राख टाकलेली आणि कडेने दोर बांधलेला. एक दोर. मी तो दोर बघत बसलो.

म्हटलं, आमा-ले, लोसारला घरी चला.

म्हणाली, येते की. पण नोनो, घरी जाऊन बसू कुठे?

मी काहीबाही सांगू लागलो. नवी टाकी, मार्चमध्ये, मुर्तझा.

तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. म्हणाली, तुझ्या त्या पांढऱ्या भांड्यावर राग नाही माझा. छान आहे दिसायला. पण त्याला रोज पाणी पाजावं लागतं. ते पितं आणि मी तहानलेली राहते. असं कसं चालेल रे?

मी म्हटलं, लोसारच्या आत करतो. काय करतो ते नीट सांगता आलं नाही.  तिने उरलेला चहा माझ्या कपात ओतला.

१६ डिसेंबर. किमान उणे १८.

मुर्तझा आला. एका फोनवर. वाटेल तसं हसेल म्हणून तयारीत होतो, तो हसला नाही. आधी कमोड काढला, अंगणात ठेवला. मग वर जाऊन स्लॅब. हत्ती नाचला तरी हलणार नाही असा मीच करवून घेतला होता. साडेचार तास. दोन छिन्न्या तुटल्या. शेवटचे घाव मी घातले. कंबर दुखली, मुर्तझाने घण घेतला, मी परत घेतला.

भोक उघडलं. खाली निळ्या टाइल्स. लेहमधला टाइल्स लावलेला एकमेव खड्डा. मुर्तझा तेव्हा हसला. मग मीही.

लोखंडी पाइपचं काय करायचं विचारत होता. मी म्हटलं, जिन्याला लाव, कठडा म्हणून. त्याने लावला. हलवून बघितला, पक्का आहे. सप्टेंबरातच एवढंच लावलं असतं तर…

१७ डिसेंबर. किमान उणे १९.

माती नाही.

भोक आहे, फावडं आहे, जिना आहे, कठडा आहे. माती नाही. मातीशिवाय कोरडा संडास म्हणजे नुसतं भोक. मागच्या उतारावर कुदळ मारली तर ठिणगी उडाली. जमीन लोखंड झालीय. एक ढेकूळ कसंबसं उकरलं, चुलीपाशी ठेवलं, तर त्याचा चिखल झाला. चिखल काय कामाचा.

टुंडुपकडे गेलो. म्हणाला, माझी माझ्यापुरतीच आहे रे, फेब्रुवारीला संपते. तरी दोन टोपल्या दिल्या. गोबांनी एक दिली. म्हणाले, पाल्दन, माती ऑक्टोबरात भरायची असते, तुला काय सांगायचं, तू तर हवामानवाला. मी टोपली उचलली. तीन टोपल्या म्हणजे चार दिवस. हिवाळा मार्चपर्यंत.

बारा पोती होती. चाळलेली, वाळवलेली. तिने ऊन बघून बघून भरलेली. मी फेकायला लावली, आवाज चढवून.

१८ डिसेंबर. किमान उणे १८.

दुपारी स्वयंपाकघरात बसून मोठ्याने बोललो. कुणाला उद्देशून नाही. माती कुठून आणू आता?

कुन्झेस भांडी घासत होती. हात पुसले, उठली. म्हणाली, चला.

चाऱ्याच्या खोलीत नेलं. गवताच्या पेंढ्या बाजूला केल्या. मागे भिंतीला लागून पोती. तोंडं लाल लोकरीने शिवलेली. आमाचा टाका, मी कुठेही ओळखेन. मोजली. चौदा. मी ऑक्टोबरात बारा मोजली होती. म्हणजे मी ओरडल्यावर आणखी दोन भरली.

विचारलं, तुला माहीत होतं?

हो.

मग सांगितलं का नाहीस?

आमांनी सांगितलं होतं, त्याला हे दाखवू नकोस. दाखवलंस तर अंगणात ओतून टाकेल. तो स्वतःहून माती मागेल ना, त्या दिवशी उघड. मागेल तो. उशीर करेल, पण मागेल.

मी पेंढ्यांवर बसलो आणि रडलो. लिहून ठेवतो, कारण या वहीत आता एवढं तरी खरं असावं. मी तिला दोन घोट पाण्यावर आणलं, आणि तिने माझ्यासाठी ऑक्टोबरपासून परतायची जागा धरून ठेवली होती. कुन्झेस बाजूला बसली. तिच्या भेगाळलेल्या हातांना गवत लागत होतं. मी तिचा हात धरला. म्हणाली, पुरे, पोती उचला, तुमची कंबर आज दुखायची नाही.

उचलली. दुखली. सांगितलं नाही.

१९ डिसेंबर. किमान उणे १८.

आमा-ले घरी आली. गाडीतून उतरली, आधी अंगणातला कमोड बघितला. त्यावर बर्फ साठला होता. म्हणाली, बिचारं. मग जिन्यापाशी गेली. पाइपला हात लावला, थोडा ओढून बघितला. एकटी चढली. मी खाली हात पसरून उभा होतो, झेलायला. मूर्खासारखा. वरून म्हणाली, नोनो, हात खाली कर, लोक बघतायत.

मग चुलीवर हात ठेवला, नेहमीसारखा.

२० डिसेंबर. लोसार. किमान उणे १९. थर्मामीटर बरोबर आहे.

सकाळी आमाच्या पाया पडलो. कणकेच्या रानबकऱ्या फळीवर रांगेत उभ्या, एकीचं शिंग मोडकं, तशीच हवी म्हणाली. आमाने आत्तापर्यंत सात कप चहा घेतला. मी मोजले. तक्ता केलेला नाही.

गोबा शुभेच्छा द्यायला आले. आत जागा नव्हती, ऊन चांगलं होतं, म्हणून अंगणातल्या कमोडवर बसून जवाची छांग प्यायले. म्हणाले, मोहल्ल्यात पहिला तूच आणि मोहल्ल्यात शेवटचाही तूच. सगळे हसले. मीही.

ते गेल्यावर एक विचार आला. टिपून ठेवतो. दिल्लीच्या बाईंच्या कमोडला छोट्या बटणाला तीन लिटर लागतात. आमच्या पद्धतीत शून्य. शून्य लिटर! हे कुणी सभेत मांडलेलं नाही. उन्हाळ्यात त्या येतील तेव्हा आपण पडद्यावर चित्रं दाखवायची. विनापाणी संडास, पाल्दन पद्धत. जिन्याला लोखंडी कठडा, खाली टाइल्स, स्वच्छ. रोजचे शहाण्णव लिटर, आणि या वेळी खरेखुरे. कुन्झेसला सांगायला आत आलो. तिने कपाळाला हात लावला.

चुलीपाशी आमा आठवा कप ओतून घेत होती. मान न वळवता म्हणाली, नोनो, मघाशी वर जाऊन आलास, माती टाकलीस का?

टाकली नव्हती. जाऊन टाकून आलो.